टेक्ससमधले मॅन्युफॅक्चर्ड होम: अपग्रेडवर घातलेल्या पैशांचा एका उन्हाळ्या-हिवाळ्यानंतरचा हिशेब

ऑस्टिनच्या पश्चिमेला, हेज काउंटीच्या चुनखडीच्या टेकड्यांमध्ये, आमच्या मालकीच्या जमिनीवर आम्ही तीन शयनगृहांचे डबलवाइड घर घेतले. कारखान्यात दोन अर्ध्या भागांत बांधलेले, ट्रकवरून आणलेले आणि जागेवर जोडलेले हे घर आता एक पूर्ण उन्हाळा आणि एक हिवाळा वापरून झाले आहे. आराखडा कसा निवडावा किंवा डीलरशी घासाघीस कशी करावी, हा येथील विषय नाही. कारखान्याकडे मागणी नोंदवताना वाढीव सोयींची जी लांबलचक यादी समोर ठेवली जाते, तिच्यातले काय घ्यावे आणि काय खुशाल सोडून द्यावे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. अमेरिकेच्या गृहनिर्माण व नागरी विकास खात्याचे, म्हणजे सगळे ज्याला ‘हड’ म्हणतात त्याचे, बांधकामविषयक नियम १५ जून १९७६ पासून लागू झाले. त्याआधी बांधलेली ती मोबाइल होम आणि त्यानंतरची ती मॅन्युफॅक्चर्ड होम. हे नियम वाऱ्याचा जोर, छपरावरचा भार, वीज, आग आणि उष्णतारोधन यांची किमान पातळी ठरवून देतात, परंतु नळ प्लास्टिकचा असावा की धातूचा, कपाटाचे दार लाकडी असावे की छापील कागद चिकटवलेल्या फायबर बोर्डाचे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. जाहिरातीतली मूळ किंमत या किमान पातळीवरच बेतलेली असते आणि डीलरच्या आवारात मांडलेले नमुन्याचे घर मात्र जवळजवळ प्रत्येक पर्याय घालून सजवलेले असते. त्यामुळे नमुना पाहून आल्यावर यादी हातात पडली की मन साहजिकच दिव्यांच्या झुंबरांकडे आणि ओट्यामागच्या टाइल्सकडे ओढले जाते.

आम्ही यादीतील प्रत्येक ओळीला दोनच प्रश्न विचारले. ही गोष्ट भिंतीच्या, जमिनीच्या किंवा छपराच्या आत बंद होणार आहे का? आणि हिच्यामुळे एखादे माप कायमचे ठरून जाणार आहे का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आले, तर ती गोष्ट नंतर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानातून आणून शनिवार-रविवारी बसवता येते, मग ती कारखान्याच्या दराने आणि कर्जाच्या व्याजाने घेण्यात अर्थ नाही. व्याजाचा मुद्दा किरकोळ नाही. १,००० डॉलरचा एक पर्याय ९ टक्के दराने २० वर्षांच्या कर्जात मिसळला, तर महिन्याला सुमारे ९ डॉलर, म्हणजे अखेरीस सुमारे २,१६० डॉलर मोजावे लागतात. छताचा पंखा या भावाने कोणी विकत घेणार नाही, पण ‘हप्त्यात फक्त नऊ डॉलरचा फरक’ असे ऐकले की तोच पंखा स्वस्त वाटू लागतो.

पहिल्या प्रश्नाच्या कसोटीवर सर्वांत वर आल्या त्या बाहेरच्या भिंती. मूळ किमतीत दोन बाय चार इंची लाकडी चौकटीच्या आणि आर-११ रोधनाच्या (‘आर’चा आकडा जितका मोठा तितका उष्णतेला अडसर अधिक) भिंती होत्या. आम्ही दोन बाय सहाच्या चौकटी आणि आर-१९ रोधन घेतले. हडच्या उष्णतारोधनाच्या तीन विभागांपैकी टेक्सस सर्वांत उबदार विभागात येते आणि म्हणून येथे किमान अपेक्षाही सर्वांत सैल आहे, हे मला गमतीचे वाटते, कारण नियमकर्त्यांनी थंडीचा जेवढा विचार केला तेवढा ऑगस्टमधल्या १०० अंश फॅरनहाइटच्या वरच्या दुपारींचा केलेला दिसत नाही. तुलनेसाठी पातळ भिंतींचे दुसरे घर माझ्याकडे नाही, त्यामुळे विजेच्या बिलात नेमकी किती बचत झाली हे मी सांगणार नाही. पश्चिमेकडच्या शयनगृहाची भिंत संध्याकाळी हाताला गरम लागत नाही आणि रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज खिडकी बंद केली की बराच दबतो, एवढे मात्र खात्रीने सांगता येते. दुहेरी काचेच्या लो-ई, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या लेपाच्या, खिडक्या आणि छपराखालचा उष्णता परतवणारा थर हे पर्यायही याच कारणासाठी घेतले, आणि त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

वातानुकूलनाच्या हवेच्या नळ्या घराच्या तळाखालून न्यायच्या की छतातून, हा पर्याय पुष्कळ लोक न वाचताच ओलांडून पुढे जातात. तळाखालच्या रचनेत घराच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारी एक जाड, लवचिक नळी घराच्या पोटाखालून जाते. ती लोंबकळून जमिनीला टेकली किंवा उंदरांनी कुरतडली, की थंड हवा घराखालच्या मातीला मिळत राहते. आम्ही छतातून नळ्या घेतल्या. उन्हाळ्यात त्याचा चांगला फायदा झाला, कारण थंड हवा वरून खाली येते आणि पलंग किंवा सोफा कोठेही ठेवला तरी झरोका झाकला जात नाही. हिवाळ्यात पाय गार पडतात, हे मान्य केले पाहिजे. आमच्या घरात आणखी एक अनपेक्षित लाभ झाला तो देवघराला: ज्या कोपऱ्यात ते ठेवायचे होते, तेथे मूळ आराखड्यात जमिनीतला झरोका होता, आणि त्याच्या वाऱ्यापुढे निरांजन टिकले नसते.

आता पाणी. या विषयावर मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण स्वस्त घरांमध्ये सर्वाधिक काटकसर येथेच झालेली असते. अनेक मूळ नमुन्यांत प्रत्येक सिंकखाली आणि संडासाजवळ पाणी बंद करणारा स्वतंत्र व्हॉल्व नसतो; एक नळ गळू लागला तर संपूर्ण घराचे पाणी बंद करावे लागते. ‘सर्व ठिकाणी शट-ऑफ व्हॉल्व’ ही ओळ यादीत अगदी कोपऱ्यात, कमी किमतीत होती आणि माझ्या मते संपूर्ण यादीत तिच्याइतकी मोलाची दुसरी ओळ नाही. भारतीय घराला तर ती अधिकच हवी, कारण संडासाजवळ जेट स्प्रे बसवायचा म्हणजे टाकीच्या नळीवर टी-आकाराचा जोड लावावा लागतो, आणि स्प्रेच्या नळीवर रात्रंदिवस पाण्याचा दाब राहू द्यायचा नसेल तर हाताशी बंद करण्याची सोय असावी लागते.

दुसरी बाब न्हाणीघरातील नळांची. वॉश-बेसिनचा नळ प्लास्टिकचा असला तरी तो अर्ध्या तासात बदलता येतो, त्यामुळे तो आम्ही मूळचाच ठेवला आणि पुढे बदलला. शॉवरचा व्हॉल्व भिंतीच्या आत असतो. तो बदलायचा तर भिंत कापावी लागते, म्हणून तो धातूचा आणि सर्वत्र सुटे भाग मिळतील असा कारखान्यातूनच घेतला. टबाच्या बाबतीत माझा दुसरा प्रश्न लागू पडतो. या घरांत कित्येकदा ५४ इंचांचा टब बसवतात, तर बाजारात सहज मिळणारा टब ६० इंचांचा असतो. ५४ इंचांची जागा एकदा ठरली की पुढे टब फुटल्यावर या घरांसाठीचे सामान विकणाऱ्या खास विक्रेत्यांकडेच जावे लागते. बाहेरच्या दारांचेही तसेच: ३६ बाय ८० इंचांचे, साध्या घरात असते तसे दार मागून घ्यावे, म्हणजे दार, कुलूप किंवा जाळीचे दार बदलण्याची वेळ आली तर शोधाशोध करावी लागत नाही.

कोपऱ्यातला मोठा, बसून डुंबण्याचा टब आम्ही घेतला नाही. मूळचा पाणी तापवण्याचा हीटर ४० गॅलनचा असतो आणि तेवढ्या गरम पाण्यात तो टब समाधानकारक भरतच नाही, म्हणजे टबापाठोपाठ मोठा हीटरही घ्यावा लागतो. त्या जागेत उभ्याने, किंवा सासूबाई येतात तेव्हा स्टुलावर बसून, अंघोळ करता येईल असा मोठा शॉवर घेतला आणि भिंतीत आधाराच्या दांड्यांसाठी लाकडी पाठबळ घालून घेतले. दांड्या नंतर बसवल्या. पाठबळ नंतर घालता आले नसते. न्हाणीघराच्या जमिनीसाठी ओएसबीऐवजी (म्हणजे लाकडाचे कपचे दाबून केलेल्या फळ्यांऐवजी) प्लायवूड आणि वर एकसंध लिनोलियम घेतले. अमेरिकी न्हाणीघरात जमिनीला पाण्याचा निचरा नसतो, आणि पाणी सांडण्याची आपली सवय येथे येऊन सुटत नाही. ओएसबीच्या कडा भिजल्या की फुगतात. जोडपट्ट्यांच्या व्हिनायलपेक्षा एकसंध लिनोलियममधून पाणी खाली झिरपण्याची शक्यता कमी.

आमच्या विहिरीचे पाणी चुनखडीतून येते, म्हणून ते अतिशय जड आहे. यादीत काळ्या मॅट रंगाचे नळ अधिक किमतीत होते; हार्डवेअरच्या दुकानातून तसाच एक आम्ही पाहुण्यांच्या न्हाणीघरात लावून पाहिला. रोज पुसला नाही तर त्यावर पांढरे डाग उठतात. घासलेल्या निकेलच्या रंगावर तेच डाग दिसत नाहीत. पाणी मृदू करणारे यंत्र कारखान्यातून घेण्याची गरज नाही, कारण ते विहिरीच्या टाकीच्या आणि घराच्या मध्ये, बाहेरच्या छोट्या शेडमध्ये बसते. थंडीसाठी म्हणायचे तर पाण्याची नळी जेथे जमिनीतून वर येऊन घरात शिरते, ती जागा सर्वांत नाजूक असते. तेथे तापणारी पट्टी लावण्यासाठी विजेचे सॉकेट नियमानेच दिलेले असते, मात्र पट्टी आपणच आणून लावायची असते. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या वादळात टेक्ससभर नळ फुटले होते, हे येथे कोणी विसरलेले नाही.

स्वयंपाकघरात आमचे सर्वांत जास्त पैसे गेले आणि बहुतांशी ते योग्य ठिकाणी गेले. नियमानुसार स्वयंपाकघरातून मिनिटाला किमान १०० घनफूट हवा घराबाहेर टाकणारा पंखा असावा लागतो, पण तो शेगडीपासून आडव्या अंतरात १० फुटांपर्यंत कोठेही असलेला चालतो. म्हणजे शेगडीवरचा मायक्रोवेव्ह हवा नुसती गाळून पुन्हा खोलीतच सोडत असला आणि छतात दूर कोठेतरी पंखा असला, तरी नियम पाळला जातो. सूप गरम करणाऱ्या कुटुंबाला ते पुरेसे असेल. मोहरी-हिंगाच्या फोडणीला आणि ठेच्यासाठी भाजलेल्या मिरच्यांना ते मुळीच पुरत नाही. आम्ही शेगडीच्या थेट वर, छपरातून बाहेर जाणारी नळी असलेला जास्त ताकदीचा हूड घेतला. इतक्या महिन्यांनंतर वरच्या कपाटांवर तेलाचा चिकट थर बसलेला नाही, यापेक्षा वेगळे प्रमाणपत्र मला नको. घराला फारशा फटी नसल्यामुळे हूड पूर्ण वेगाने चालवताना एखादी खिडकी थोडी उघडावी लागते.

शेगडी प्रोपेनची घेतली. घर ‘पूर्ण विजेवरचे’ म्हणून बांधले गेले तर गॅसची नळी नंतर घालणे जिकिरीचे होते, आणि फुलके विजेच्या काचेरी शेगडीवर मनासारखे फुगत नाहीत. सिंक उथळ न घेता आठ इंच खोलीचे घेतले, नाहीतर कुकर घासताना पाणी अंगावर येते. ओटा साध्या लॅमिनेटचाच ठेवला. हळदीचे डाग त्यावर पडतात, ते बऱ्याच अंशी निघतात, आणि दगडी ओटा हवा वाटला तर तो नंतर बसवता येईल. कपाटांच्या बाबतीत मात्र माझा नियम थोडा वाकतो. दारे नंतर बदलता येतात हे खरे, परंतु खणांच्या प्लास्टिकच्या सरकपट्ट्या दहा किलो डाळ-तांदळाच्या वजनाखाली टिकत नाहीत आणि सगळे खण नव्याने करणे म्हणजे सगळी कपाटे काढणे. धातूच्या, पूर्ण बाहेर येणाऱ्या पट्ट्या आणि ४२ इंच उंचीची वरची कपाटे घ्यावीत, असे मी म्हणेन.

भिंतींच्या आतल्या बाजूबद्दल येथे मोठा वाद असतो. मूळ पर्यायात जिप्सम बोर्डावर व्हिनायल चिकटवलेले असते आणि सांध्यांवर पट्ट्या दिसतात. वरच्या पर्यायात सांधे भरून, पोत देऊन रंगवलेली भिंत मिळते. सगळे दुसराच पर्याय घ्यायला सांगतात. आम्ही तो फक्त बैठकीत आणि स्वयंपाकघरात घेतला. दोन भाग जेथे जुळतात त्या रेषेवर पहिल्या काही महिन्यांत बारीक तडे गेले, ते हमीच्या काळात दुरुस्त झाले. शयनगृहांतल्या व्हिनायलच्या भिंतींना काही झाले नाही आणि मुलांनी काढलेली पेनाची चित्रे ओल्या फडक्याने पुसली गेली. पट्ट्या दिसायला सुंदर नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

विजेच्या बाबतीत पंखे आणि दिवे कारखान्याकडून घेऊ नयेत. ‘वायर अँड ब्रेस’ एवढेच मागावे, म्हणजे छतात वजन पेलणारा आधार आणि तार तयार मिळते. बाहेरच्या बाजूला एक जास्तीचे सॉकेट आणि मागच्या अंगाला एक जास्तीचा नळ घ्यावा.

मागणीचा कागद सही करण्यापूर्वी ओळ न ओळ वाचावा, कारण कारखाना त्या कागदावरून घर बांधतो. विक्रेत्याने तोंडी काय कबूल केले हे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि उत्पादन सुरू झाल्यावर बदल होत नाहीत. घर आल्यावर दोष लेखी कळवावेत. घर प्रथम उभारल्यापासून एक वर्षाच्या आत कळवलेले दोषच केंद्रीय कायद्याखालील तंटा-निवारण व्यवस्थेत विचारात घेतले जातात. आतल्या कपाटात किंवा वीजफलकाजवळ चिकटवलेला माहितीचा कागद आणि बाहेर प्रत्येक भागावरची हडच्या मान्यतेची लाल धातूची पट्टी रंगकाम करताना काढू नये. पुढे घर विकताना कर्ज देणारी संस्था दोन्ही मागते.

एक पर्याय आम्ही छपराचा उतार वाढवण्यासाठी सोडून दिला, तो छपराच्या पुढे आलेल्या वळचणीचा. जास्त उतारामुळे घर रस्त्यावरून देखणे दिसते, पण खिडक्यांवर सावली पडते ती वळचणीमुळे. शिवाय पन्हळी कारखान्यातून लावून येत नाहीत, त्या आपण लावायच्या असतात, आणि अरुंद वळचणीखाली त्या भिंतीला इतक्या जवळ बसतात की मे महिन्याच्या सरीत पाणी मागून भिंतीवर उतरते. या टेकड्यांमध्ये पावसाचे पाणी टाकीत साठवणारी घरे पुष्कळ आहेत, ते पाणी विहिरीच्या पाण्यासारखे जडही नसते, आणि राज्याने अशा साधनांवरचा विक्रीकर माफ केलेला आहे. तशी टाकी बसवण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांनी यादीत वळचणीला उताराच्या वर जागा द्यावी.