लायका एम३ की झॉर्की-४?

भाचा विचारतोय या दोन जुन्या फिल्म कॅमेऱ्यांतला (झॉर्की सोव्हिएत बनावटीचा) कुठला घेऊ, म्हणून सविस्तर लिहितोय. पैशाचं बघशील तर तुलनाच नको, एका एम३च्या किमतीत लेन्ससकट कितीतरी झॉर्की येतील. पण फोकसिंगला एम३ म्हणजे एम३च! १९५४ साली जर्मनीतल्या वेट्झलरच्या कारखान्यातून आला तेव्हापासून व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) ०.९१ पट, म्हणजे दृश्य जवळजवळ खऱ्या आकाराचं दिसतं, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून आरामात बघता येतं, आणि मधल्या फोकसच्या चौकोनाच्या कडा इतक्या स्वच्छ की त्यातल्या दोन प्रतिमा जुळल्या, म्हणजे फोकस झाला, की लग्गेच कळतं. झॉर्कीत तो फोकसचा ठिपका फिकट, फ्रेमलाइन (फोटोत किती भाग येईल ते दाखवणाऱ्या रेषा) नाहीतच, पण चष्मेवाल्यांसाठी डायॉप्टरची, म्हणजे नंबरप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवून घ्यायची, सोय आहे, ती एम३ला नाही. फिल्म भरायलाही झॉर्की सोपा, अख्खी पाठ निघते.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव, झॉर्कीत आधी शटर कॉक करायचं (ताणून तयार करायचं) मगच स्पीड बदलायचा, उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. शटरचा पडदा दोन्हीत कापडी, तेव्हा घेताना टॉर्च मारून बारीक भोकं आहेत का बघच.

नुसतं शिकून बघायचं असेल तर ज्युपिटर-८ लेन्सवाला झॉर्की घे. हाच कॅमेरा वर्षानुवर्षं रोज वापरायचा असेल तर थांब, पैसे साठव आणि सर्व्हिस झालेला एम३ घे.