एका साध्या ब्लाऊजच्या शिलाईत महिनाभर यूट्यूब प्रीमियम

अमळनेरला घराच्या ओट्यावरच माझं ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. मशीनवर बसलं की दोन्ही हात कापडात असतात, मग कानाला काहीतरी लागतंच. आधी रेडिओ होता, आता फोन. लग्नसराईत दिवसाचे दहा-दहा तास तो चालू असतो. म्हणून पैसे भरून घ्यायच्या यूट्यूब प्रीमियमबद्दल सव्वा वर्ष वापरून लिहिते आहे.

सगळे म्हणतात जाहिराती जातात म्हणून घ्या. जातात, खरंच जातात. पण मी घेतलं ते स्क्रीन बंद करून ऐकता येतं म्हणून. फुकटच्या यूट्यूबवर फोन लॉक केला की आवाजही थांबतो. दिवसभर स्क्रीन उजळ ठेवायची म्हणजे दुपारपर्यंत बॅटरी उतरणार, आणि कापडाचा धक्का लागला की भलताच व्हिडिओ सुरू होणार. आता फोन लॉक करून सुई-दोऱ्याच्या डब्यात ठेवते आणि कीर्तन चालू राहतं. शिलाईवाल्या, पोळ्या लाटणाऱ्या, पापड-कुरडया करणाऱ्या बायकांना एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा हे पैसे वाया गेले असं वाटणार नाही.

दुसरा फायदा सासूबाईंना झाला. पहाटे दुकान उघडायच्या आधी माझाच फोन त्यांच्या उशाशी असतो. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्यामुळे जाहिरात आली की ती पुढे ढकलायला कोणाला तरी हाक मारावी लागायची. प्रीमियम घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळा हरिपाठ सलग झाला. चहा द्यायला गेले तर म्हणाल्या, "आज मधमा कोनी बोलनं नही वं!" त्यांचा तो चेहरा पाहिला आणि पैशांचं मनातलं गणित तिथेच सुटलं.

तरी गणित सांगते. २०१९ मध्ये हे आपल्याकडे आलं तेव्हा एका माणसासाठी महिन्याला १२९ रुपये होते. ऑगस्ट २०२४ मध्ये १४९ झाले. हा दर आपोआप कापून जाणाऱ्या पैशांचा. एकेका महिन्याचे स्वतः भरले तर १५९, तीन महिन्यांचे ४५९, वर्षाचे १४९०. बिनअस्तराच्या साध्या ब्लाऊजची माझी शिलाई १५० रुपये आहे. म्हणजे महिन्यातला एक ब्लाऊज यूट्यूबचा, असं मी धरून चालते. मी ४५९ वाले भरते. आपोआप कापायला दिलं तर थोडं स्वस्त पडतं, पण तसं न करण्याला कारण आहे.

मालिकांच्या एका अ‍ॅपचं वर्षाचं पॅक घेतलं होतं. बघणं बंद झालं म्हणून अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं आणि विषय संपला असं समजले. वर्ष भरलं तसे खात्यातून पैसे गेले. अ‍ॅप काढलं तरी वर्गणी बंद होत नाही, हे मला तेव्हा कळलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती आलीही होती, पण गिऱ्हाइकांच्या मेसेजमध्ये बुडाली. ज्या यूपीआय अ‍ॅपवरून पैसे जातात, तिथे ऑटोपे म्हणून एक जागा असते. कोणाकोणाला परवानगी दिली आहे ते तिथे दिसतं आणि तिथूनच ती रद्दही करता येते. बहिणींनो, हे वाचून झाल्यावर आधी तिथे बघून या.

फॅमिली प्लॅनही आहे. तो १८९ वरून एकदम २९९ वर नेला, ही वाढ मला पटली नाही. घेणारा आणि आणखी पाच जण त्यात बसतात, पण सगळे एकाच घरात राहणारे हवेत. माझी लेक नाशिकला कॉलेजात, म्हणजे ती त्यात बसत नाही. तिने विद्यार्थ्यांचा ८९ वाला घेतला. त्याला दरवर्षी विद्यार्थी असल्याची पडताळणी द्यावी लागते. २०२५ मध्ये ८९ रुपयांचा लाइट नावाचाही प्लॅन आला. त्यात गाण्यांवर जाहिराती राहतात, मग माझ्या काय कामाचा?

डाउनलोडची सोय उन्हाळ्यात कळते. लाइट गेली की वायफाय जातं, मोटर बंद पडते आणि मी पायट्यावर येते. तेव्हा रात्री उतरवून ठेवलेली गाणी कामाला येतात. एक मात्र समजून घ्या. हे डाउनलोड यूट्यूबच्या आतच राहतं, ते व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला पाठवता येत नाही आणि वर्गणी संपली की चालतही नाही.

आणि व्हिडिओ करणारा स्वतःच मध्ये थांबून एखाद्या क्रीमचं किंवा मशीनचं कौतुक करतो, ते तसंच राहतं. ते त्याच्या व्हिडिओचाच भाग असतं. परवा कटोरी ब्लाऊजचा मुंढा (बाही जोडायचा भाग) कसा कापायचा ते बघत होते, तर तिथे एक ताई दोन मिनिटं साबणाबद्दलच बोलत होत्या.

एक गोष्ट मला फार आवडली. आपल्या वर्गणीतला वाटा, आपण कोणाचे व्हिडिओ किती वेळ बघतो त्यावरून, त्या कमाई सुरू झालेल्या चॅनेलवाल्यांना जातो. माझ्याकडे दिवसभर अहिराणी गाणी असतात. धुळ्या-जळगावकडची, नंदुरबारची आपलीच पोरं गातात, नाचतात, स्वतःच शूटिंग करतात. हळदीच्या घरातल्या बायका ब्लाऊज न्यायला येतात आणि गाणं ऐकून ओट्यावर टेकतात. त्या पोरांना जाहिरातीशिवायही चार पैसे मिळतात, तेही आपल्या भाषेतल्या गाण्यासाठी. पंधरा दिवसांपूर्वी पुढच्या तीन महिन्यांचे भरले. मिस्टर म्हणाले, "फुकट मिळतं त्याला पैसे कशाला?" मी त्यांना सासूबाईंच्या खोलीत पाठवलं.