फ्रिगेट की पाणबुडी?

खानापूरचा भाचा नौदलात लागलाय. पुढं फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका मागू की पाणबुडी, विचारतो. आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीची माहिती घरोघर मिळते, जहाजांची नाही.

जागेत तुलनाच नाही. निलगिरी फ्रिगेट १४९ मीटर, कलवरी पाणबुडी जेमतेम ६७. पाणबुडीत गोडं पाणी जपून वापरायचं, ऊन नाही, घरी फोन नाही.

कामाचं मात्र वेगळं. फ्रिगेटवर गॅस टर्बाइन, रडार, क्षेपणास्त्रं, हेलिकॉप्टर. आपल्या एका विषयात मुरता येतं. पाणबुडीत माणसं चाळीसेकच, म्हणून प्रत्येकाला सगळी बोट पाठ हवी. भत्ता जास्त, पण तिथं स्वखुशीनंच जातात.

एकांत सोसत असेल, यंत्र मुळापासून शिकायचं असेल, तर पाणबुडी. माणसांत रमणाऱ्यानं फ्रिगेट घ्यावी. बाळा, तू दुसऱ्यातला.