कोंबड्यांच्या कुंपणातला चिखल आणि जिओटेक्स्टाइल कापड : एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असल्याने, परसातल्या कोंबड्यांच्या कुंपणात आषाढापर्यंत घोटाभर चिखल होणे आमच्याकडे नित्याचेच होते. पूर्वी नुसती खडी टाकून पाहिली, पण एका पावसाळ्यात ती मातीत रुतून दिसेनाशी झाली. यंदा वळवाआधीच फूटभर माती काढून, तळाला चराच्या दिशेने उतार देऊन जिओटेक्स्टाइल कापड अंथरले आणि त्यावर खडी व जाड वाळू पसरली. या कापडातून पाणी झिरपते, मात्र खालचा चिखल वर येत नाही.

श्रावणात चार दिवस झड लागली असताना मी वाळूत मुद्दाम बोटे खुपसून पाहिली : वाळू ओली होती, परंतु दाबल्यावर पाणी वर आले नाही. कोंबड्यांच्या नखांत चिखलाचे गोळे नव्हते आणि अंडीही स्वच्छ मिळाली. रक्ती हगवण ओलसर जागेत बळावते, त्यामुळे हा निचरा मला फार मोलाचा वाटतो.

कडा मात्र जपाव्या लागतात. कोंबड्यांनी एका कोपऱ्यात उकरून कापड वर काढले, तेव्हा तेथे जांभ्याचे चिरे दाबून बसवावे लागले. शिवाय छपराचे पाणी पन्हळीने बाहेर वळवले नसेल, तर या कापडाचा फारसा उपयोग होणार नाही. एवढी तयारी असल्यास ते जरूर घ्यावे; पातळ प्रकार मात्र टाळावा.