टाइनम की इंबर?

1943 च्या डिसेंबरात इंग्लंडमधली ही दोन्ही गावं लष्करी सरावासाठी रिकामी केली गेली. गावकऱ्यांना परतणं जमलंच नाही. डॉर्सेटमधलं टाइनम बघायला सोपं, बहुतेक शनिवार-रविवारी खुलं असतं. छपरं उडालेली दगडी घरं, आत्ता वर्ग भरेल अशी मांडून ठेवलेली शाळा. निघताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली होती: घरं जपा, आम्ही एक दिवस परत येऊ.

विल्टशरमधलं इंबर वर्षातले मोजकेच दिवस उघडतं. चर्च सोडलं तर जुनं फारसं उरलेलं नाही. पण 1961 मध्ये लोकांनी तिथे धडक मारून गाव परत मागितलं होतं! उन्हाळ्यात एक दिवस लंडनच्या जुन्या लाल दुमजली बसही तिथे जातात.

मला इंबरच भावतं. टाइनम जरा जास्तच नटवलंय. मुलं बरोबर असतील तर मात्र टाइनम. इंबरला रस्ता सोडायची सोय नाही, न फुटलेल्या तोफगोळ्यांची भीती आहे.