चार फूट फळी, दोन सांधे, आठ वाघिणी : चौदा महिन्यांनंतर

खोकं उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले अनुभव मी वाचत नाही. म्हणून स्वतःचा लिहायलाही चौदा महिने थांबले. त्यात एक अख्खा पावसाळा गेला, दुसरा सुरू आहे, आणि मधे एक चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येऊन गेली. गोव्यात रेल्वेचं मॉडेल टिकतं की नाही ते या तिघांनी ठरवायचं. डिसेंबर-जानेवारीत काय, कुणाचंही चालतं.

सामान असं : एन-स्केलचे, म्हणजे ९ मिमी गेजचे (दोन रुळांमधलं अंतर) रूळ, ज्यांना खडीचा पाया जोडूनच येतो. एक जपानी डिझेल इंजिन, शंटिंगचं, म्हणजे डबे पुढेमागे करून लावण्याचं. आठ दोन-आसांच्या वाघिणी, म्हणजे मालडबे. दोन सांधे, म्हणजे एका रुळाचे दोन फाटे करणारे तुकडे. १२ व्होल्टचा साधा डीसी कंट्रोलर. हे सगळं चार फूट बाय एक फूट प्लायवर, म्हणजे १२२० बाय ३०५ मिमीत. फळी कपाटाच्या वर राहते, खेळायचं असेल तेव्हा जेवणाच्या टेबलावर येते.

जपानीच का, हे बरेच जण विचारतात. मी कुडचड्याची. लहानपणी आमच्या घरामागून मुरगाव-लोंढा लाइनची मीटरगेज जायची. आता तिथे ब्रॉडगेज आहे, १६७६ मिमी. जपानच्या बहुतेक जुन्या लाइनी १०६७ मिमीच्या, म्हणजे आपल्या मीटरगेजपेक्षा फक्त ६७ मिमी रुंद. त्यामुळे तिथली छोटी इंजिनं, बुटक्या वाघिणी बघितल्या की मला माझं लहानपण दिसतं. अर्थात हिशेब काटेकोर नाही. जपानी एन-स्केलच्या १:१५० मापात १०६७ चे ७.१ मिमी होतात आणि मॉडेल धावतं ९ मिमीवर. गाडी वरून मीटरगेज आणि पायांत ढगळ चप्पल, असं काहीसं ते दिसतं. मला चालतं. ज्यांना चालत नाही त्यांनी हा अनुभव इथेच सोडावा.

पहिला आराखडा हा नव्हताच. मला घाट हवा होता. कुळेहून कॅसलरॉककडे चढणारा ब्रागांझा घाट, चढ १:३७, मागून ढकलायला बँकर इंजिनं. दोन फूट बाय चार फुटांची फळी घ्यायची, २८२ मिमी त्रिज्येचं वळण टाकायचं, गाडी गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून जाईल, असं स्वप्न. कागदावर गणित बसतही होतं. त्या त्रिज्येचा पूर्ण फेरा साधारण १७७० मिमी, १:३७ ने चढलं तर ४८ मिमी उंची. इंजिन, त्याखालचा रूळ आणि वरच्या पुलाची जाडी धरून तेवढ्यात जेमतेम निघतं.

पण चढलेलं उतरायलाही लागतं, हे मी विसरले होते. त्या फळीवर अख्खी फेरी भरते तीन मीटरच्या आत. दीड मीटर चढ, दीड मीटर उतार. दीड मीटरला १:३७ म्हणजे ४० मिमी, झालं. शिवाय चढ एकदम सुरू करता येत नाही. सपाटीवरून चढाकडे हळूहळू वळवावं लागतं, नाहीतर इंजिनाचं नाक रुळावर टेकतं आणि कपलर, म्हणजे डबे जोडणारे आकडे, सुटतात. त्यातही दहा-पंधरा सेंटीमीटर जातात.

तरी हट्टाने चाचणी घेतली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फळीच्या एका टोकाखाली पुस्तकं रचली, मापाने १:३७ केलं. सरळ चढावर इंजिनाने आठही वाघिणी ओढल्या. वळणावर पाच. सहावी जोडली की चाकं जागच्या जागी गरगर. वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासतात, तो अडथळा चढात मिळवला की १:३७ हे १:३७ राहत नाही. खऱ्या घाटात बँकर कशाला लागतात, हे तिशी-चाळिशी ओलांडल्यावर मला ओट्यावर कळलं. दुसरं इंजिन घ्यायची ऐपत नव्हती. घाट रद्द.

मग मिळालं इंगलनूक. ॲलन राइट नावाच्या ब्रिटिश मॉडेलकाराचा हा आराखडा. फक्त दोन सांधे, तीन सायडिंगं, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन, आणि पुढच्या शंटिंगच्या रुळावर इंजिन अधिक तीन. आठ वाघिणी आहेत. चिठ्ठीने पाच निवडायच्या आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने लांब सायडिंगमध्ये लावायच्या. आठातून पाच, क्रमासहित, म्हणजे ६७२० प्रकार. आमच्याकडे चिठ्ठ्या नाहीत. काजूच्या आठ बियांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातलेत, त्या तांब्यात हलवून काढायच्या. काढायचा मान भाच्याचा.

या कोड्याचं सगळं मर्म लांबीत आहे. शंटिंगच्या रुळावर इंजिनासोबत चार वाघिणी मावल्या तर खेळ सोपा होऊन मरतो, अडीच मावल्या तर सुटतच नाही. म्हणून आधी वाघीण मोजा, मग रूळ मागवा. माझी वाघीण कपलर ते कपलर ६५ मिमी, इंजिन ९५. पाचांना ३२५, तिघींना १९५, इंजिन अधिक तिघींना २९०. मी उलटं केलं होतं, आधी रूळ मागवले. एक सरळ तुकडा आजही कारणाविना पडून आहे.

आराखडा एक्सट्रॅककॅड या सॉफ्टवेअरमध्ये काढला. फुकट आहे, सगळ्या नामांकित कंपन्यांचे रूळ त्यात तयार मिळतात, पण शिकायला वेळ लागतो. पहिल्या रविवारी मी दोनदा लॅपटॉप मिटला. एकदा हात बसला की त्याची खरी किंमत कळते ती एकास एक मापात छापण्यात. ए-फोर पानं छापून, चिकटपट्टीने जोडून, त्यावर रूळ मांडून बघायचे. मात्र छापताना 'पानात बसवा' ही खूण काढा. मी काढली नव्हती. सगळं थोडं आखूड छापलं गेलं, आणि एक संध्याकाळभर मी रूळ चुकीचे आले म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पान छापलं की पहिल्यांदा पट्टी लावून मोजा.

या कागदावर मी रूळ तीन आठवडे नुसते मांडून खेळले. न चिकटवता, न रंगवता. माझ्या मते हाच सगळ्यात कामाचा काळ. कारण सॉफ्टवेअरला रुळाची लांबी कळते, वाघिणीची रुंदी कळत नाही.

आमचे मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, उभी नोकरी सांधेवाला म्हणून. शिगम्याला आले होते. चहाचा कप हातात घेऊन पाच मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अगो, हा फाउल मरे! तिसरी वाघीण बघ." बरोबर होतं. सांधा संपतो तिथून मी सायडिंगची लांबी मोजली होती. पण सांध्यापासून दोन रूळ फाकत जातात, आणि दोन्हीकडच्या वाघिणी एकमेकींना न घासता उभ्या राहतील इतके ते फाकले की तिथे फाउलिंग मार्क येतो. खरं सायडिंग तिथून सुरू. माझ्या तीनच्या सायडिंगमध्ये प्रत्यक्षात सव्वादोन वाघिणी मावत होत्या. रोज खेळताना बाजूची वाघीण मी बोटाने हळूच मागे सरकवायचे आणि तो खेळाचाच भाग समजायचे. मामांनी खडूने खूण केली, मी दोन्ही सायडिंगं ६२ मिमीने लांबवली. ती खूण आता पांढऱ्या रंगाचा ठिपका होऊन रुळाशेजारी कायमची आहे.

आता तक्रारी. कंपनीचं नाव घेत नाही, पण दोनपैकी एका सांध्यावर इंजिन घसरायचं. दर वेळी नाही, पाचात एकदा. असली चूक शोधणं सगळ्यात त्रासाचं. मोबाइल रुळाच्या पातळीला ठेवून स्लो-मोशनमध्ये चित्रण केलं तेव्हा दिसलं : सांध्याचं पातं बाजूच्या रुळाला पूर्ण चिकटत नव्हतं, आणि त्या फटीत पुढच्या चाकाची कडा शिरत होती. पात्याचं टोक जिथे टेकतं तिथे रुळाच्या आतल्या अंगाला बारीक कानशीने खाच घातली, पातं त्यात लपलं. तेव्हापासून एकदाही घसरलं नाही. पण एवढ्या किमतीच्या वस्तूला घरी कानस लावावी लागते, याबद्दल गुण कापलेच पाहिजेत.

दुसरी गोष्ट विजेची. सांध्यात दोन रूळ एकमेकांना कापतात तो क्रॉसिंगचा तुकडा काही सांध्यांमध्ये प्लास्टिकचा असतो, काहींत धातूचा आणि वीज असलेला. गोल फिरणाऱ्या गाडीला फरक पडत नाही, ती वेगात निघून जाते. शंटिंगला पडतो. इथे इंजिन मुंगीच्या चालीने जातं, प्लास्टिकवर चाक आलं की वीज तुटते आणि ते तिथेच बसतं. मग बोटाने ढकला. हा आराखडा करणार असाल तर सांधे धातूच्या क्रॉसिंगचेच घ्या, बाकी कुठेही काटकसर करा.

कपलर सोडवायला चुंबक, तारेचे आकडे, बरंच काही विकत मिळतं. मी खराट्याची हीर वापरते. माडाच्या हिरीचं टोक तासून दोन कपलरांच्या मधे घालायचं, किंचित पिरगळायचं, सुटले. मोडली की दुसरी. खर्च शून्य.

पावसाळा. पहिल्या पावसाळ्यात जुलैच्या मध्यावर फळीचा मध्य खाली बसला, पट्टी ठेवली तर मधोमध तीन मिमी फट. वाघिणी आपोआप मधल्या भागाकडे घरंगळायला लागल्या. मला आधी वाटलं रूळ तापून वाढले असतील. हिशेब केला तर रुळाच्या धातूला, म्हणजे निकल सिल्व्हरला (नावात चांदी, आत तांबं, निकेल आणि जस्त), एका मीटरला दहा अंशांनी वाढ होते मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. दोष लाकडाचा. मी प्लायची वरची बाजू रंगवली होती आणि खालची, कोण बघतंय म्हणून, कोरी ठेवली होती. कोऱ्या बाजूने दमटपणा प्यायला, रंगवलेल्या बाजूने नाही, मग फळी वाकणारच. शेजारच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, बघताक्षणी सांगितलं. उन्हाळ्यात फळी सुकवून, खाली दोन आडव्या पट्ट्या मारून, कडांसकट सगळीकडे दोन हात रंग दिला. यंदा जुलैत फट एक मिमीच्याही आत आहे.

रूळ गंजत नाहीत, काळपट होतात. पहिल्यांदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, पावसात चार दिवसांत पुन्हा इंजिन अडखळायचं. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन सुती फडक्याला लावून पुसायला लागले तेव्हापासून दोन-तीन आठवडे निघतात. आणि चाकं पुसा. मी सहा महिने फक्त रूळ पुसत होते आणि वाघिणींच्या प्लास्टिकच्या चाकांवर साचलेला काळा थर तोच मळ पुन्हा रुळावर पसरत होता. धातूची चाकं बसवली, निम्मा त्रास गेला. गंज चढला तो कपलरच्या स्प्रिंगांना, त्या दोन बदलल्या. आता इंजिन आणि वाघिणी डब्यात, सोबत सिलिका जेल. सासूबाई कपाटात जुना शून्याचा बल्ब लावून रेशमी साड्या सांभाळायच्या, तोही उपाय करून बघितला, पण हल्लीचे शून्याचे बल्ब एलईडीचे. ते तापतच नाहीत, नुसता उजेड देतात.

चवथीला आमच्या फोंड्याच्या घरात माणसांना बसायला जागा नसते, आगगाडीला कुठली? टेबल बाहेर, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) वर, फळी कपाटावर उभी. चार फूट बाय एक फूट असल्यामुळे एका माणसाला एका हाताने उचलता आली. दोन फूट बाय चार फुटांचा घाट केला असता तर तो माळ्यावर गेला असता आणि तिथेच राहिला असता. उभी ठेवल्यावर रुळांचे जोड थोडे सैलावतात एवढंच. खाली आणली की प्रत्येक जोड अंगठ्याने दाबून घ्यावा लागतो.

कंटाळा आला का? गोल फिरणारी गाडी मी एका मैत्रिणीकडे बघितली होती, दहाव्या फेरीला तिचा मुलगा उठून गेला. पुण्याच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात माणूस तासभर बसतो, कारण तिथे एका वेळी दहा गोष्टी घडतात. घरच्या फळीवर एकच गोष्ट घडू शकते, तर ती हातांनी करायची तरी असावी. माझा एक डाव वीस ते चाळीस मिनिटांचा. वहीत १८७ डाव नोंदलेत. सगळ्यात लवकर सुटलेला अकरा मिनिटांत, कारण पाचातल्या चार वाघिणी आधीच जागेवर होत्या. भाच्याने आता नियम काढलाय की वाघीण बोटाने हलवली तर डाव बाद. मामांकडूनच शिकला असणार.

एकूण पाचापैकी चार. अर्धा गुण त्या सांध्याचा गेला, अर्धा रंगीत खोक्यावरच्या चित्राचा. त्यात आहेत तितकी झाडं करायला मला अजून वेळ मिळालेला नाही, फळीवर तूर्तास लाल मातीचा भुसा आणि एक चिऱ्याचा तुकडा आहे. गेजचा हट्ट असेल, चढ हवाच असेल, किंवा घरात लांब भिंत रिकामी असेल तर दुसरं काही बघा.

घाटासाठी आणलेले प्लास्टिकचे खांब, उंचीनुसार लावलेले, दोन वळणं आणि तो एक सरळ तुकडा अजून खोक्यात आहेत. फोंडा-मडगाव बाजूला कुणाला उपयोगी असतील तर घेऊन जा. आंब्यांच्या बदल्यात चालेल, मानकुराद असतील तर.