डेकवाल्यांची लायबिलिटी पॉलिसी: ऑकरन्स घ्यावी की क्लेम्स-मेड?

घराला जोडून लाकडी डेक (उघडा ओटा) बांधून देणाऱ्यांना न्यू जर्सीत होम इम्प्रूव्हमेंटचं रजिस्ट्रेशन हवं तर प्रति घटना किमान ५,००,००० डॉलरची जनरल लायबिलिटी (आपल्या कामामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचा-नुकसानीचा विमा) लागते, हे धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. ती ऑकरन्स फॉर्मवर (अपघात घडला तेव्हाची पॉलिसी लागू) घ्यायची की क्लेम्स-मेडवर (दावा आला तेव्हाची पॉलिसी लागू), हे मात्र बरेच जण एजंटवर सोपवतात आणि दोन कोटेशनांतल्या लहान आकड्यावर बोट ठेवून मोकळे होतात.

लहान आकडा बहुधा क्लेम्स-मेडचा असतो. पहिल्या वर्षी तिच्यावर मागचं ओझं नसतं. पुढे दर नूतनीकरणाला हप्ता चढतो आणि साधारण पाचेक वर्षांत ऑकरन्सच्या जवळ येऊन टेकतो. धंदा नवा असेल, खेळतं भांडवल तोकडं असेल, तर ही सुरुवातीची बचत हसण्यावारी नेऊ नये. आणखी एक गोष्ट तिच्या बाजूची: दावा आजच्या पॉलिसीवर येतो, म्हणून रक्कमेची मर्यादाही आजची लागते, दहा वर्षांपूर्वीची तुटपुंजी नव्हे.

खरी गोम तारखांत आहे. समजा २०२१ मध्ये डेक बांधला, जुलै २०२३ मध्ये रेलिंग निखळून घरमालकाचा पाहुणा पडला आणि वकिलाचं पत्र मे २०२५ मध्ये आलं. शारीरिक इजेच्या दाव्याला इथे दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे इतक्या उशिराच्या पत्राचं नवल नाही. ऑकरन्स असेल तर २०२३ ची पॉलिसी धावून येते, ती कंपनी मधल्या काळात सोडली असली तरी. क्लेम्स-मेडमध्ये २०२५ ची चालू पॉलिसी लागते, आणि तीही अपघात रेट्रोअॅक्टिव्ह तारखेनंतरचा (पॉलिसी मागे जिथपर्यंत पोचते ती तारीख) असेल तरच. डेक कधी बांधला हे दोन्हीकडे गौण. त्यामुळे ‘बांधताना ऑकरन्स होती ना’ एवढ्यावर निवृत्त होणाऱ्यानं निर्धास्त राहू नये. पॉलिसी बंद केल्यानंतर कुणी पडलं तर जुनी ऑकरन्सही हात वर करते; त्यासाठी डिसकंटिन्यूड ऑपरेशन्सचं (बंद केलेल्या धंद्याच्या जुन्या कामांचं) कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

डेकची दुखणी मुळात उशिरा वर येतात. लेजर बोर्डामागे (डेक घराला जोडणारी फळी) फ्लॅशिंग, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, नीट बसलं नाही की पाणी मुरतं, रिम जॉइस्ट (घराच्या कडेची तुळई) आतून कुजत जातो, वरच्या फळ्या मात्र ठणठणीत दिसतात. तांबंयुक्त रसायन मुरवलेल्या लाकडात हलक्या गॅल्व्हनाइजिंगचे खिळे झिजतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत जून २०१५ मध्ये बाल्कनी कोसळून सहा जण गेले, तेव्हा आतलं लाकूड कुजलेलं निघालं, आणि ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. अशी कूज नेमकी कोणत्या वर्षी धरायची? न्यू जर्सीतली न्यायालयं हळूहळू वाढत गेलेलं नुकसान अनेक वर्षांच्या पॉलिसींवर वाटतात, आणि तिथे सलग वर्षांच्या ऑकरन्स पॉलिसी कामी येतात.

माझं पारडं फिरवलं ते रेट्रो तारखेनं. क्लेम्स-मेडच्या डिक्लरेशन्स पानावर (पॉलिसीचा तपशील देणारं पहिलं पान) तिचा छोटासा रकाना असतो. त्यात ‘नन’ असेल तर उत्तम, मागच्या काळाची अडकाठी नाही. तारीख असेल तर त्याआधीचा अपघात बाहेर. कंपनी बदलताना नवी कंपनी तिथे अनेकदा आपली सुरुवातीची तारीख घालते, म्हणूनच तिचं कोटेशन स्वस्त पडतं. वरच्या उदाहरणात १ जानेवारी २०२४ ला कंपनी बदलून नवी रेट्रो तारीख घेतली असती, तर २०२३ मधल्या त्या पाहुण्याचा दावा जुन्या-नव्या दोन्ही पॉलिसींबाहेर राहिला असता. सर्वसाधारण वापरातल्या आयएसओ फॉर्ममध्ये (विमा कंपन्या वापरतात तो प्रमाणित मसुदा) जुनी पॉलिसी संपल्यावर दाव्यासाठी फुकट साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत अपघात कळवला असेल तर पाच वर्षं. पण घरमालकानं कळवलंच नाही तर तुम्ही काय कळवणार? मुदतीचं बंधन नसलेली टेल (पॉलिसी संपल्यावर दावा कळवण्याची वाढीव सवलत) हवी तर तीही साठ दिवसांतच लेखी मागायची, आणि तिचा दर वार्षिक हप्त्याच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो. सीझनच्या धामधुमीत हे साठ दिवस कोण मोजत बसणार? मी तरी ऑकरन्सवर आहे. ज्याचा हिशेब चोख आणि एजंट जागा आहे, त्याला क्लेम्स-मेड जमेलही.

मोठ्या जनरल कॉन्ट्रॅक्टरकडे सब (सबकॉन्ट्रॅक्टर) म्हणून जाणार असाल तर अॅकॉर्ड २५ सर्टिफिकेटवर, म्हणजे विम्याच्या दाखल्यावर, जनरल लायबिलिटीच्या ओळीतल्या दोन चौकोनांकडे पाहा. बऱ्याच करारांत ‘ऑकर’ समोरचीच खूण मागतात, शिवाय काम संपल्यानंतरच्या दाव्यांसाठी सीजी २० ३७ एन्डॉर्समेंट (त्या कॉन्ट्रॅक्टरलाही तुमच्या विम्यात घेणारी, पॉलिसीला जोडलेली पुरवणी).

ऑकरन्स घेतली म्हणजे सगळं झाकलं गेलं असंही नाही. सरप्लस लाइन्सच्या (राज्यात परवाना नसलेल्या कंपन्यांच्या) स्वस्त पॉलिसींत ‘प्रायर वर्क’ (आधीची कामं) किंवा ‘कंटिन्युअस ऑर प्रोग्रेसिव्ह इंज्युरी’चं (हळूहळू वाढणारं नुकसान) एक्सक्लूजन, म्हणजे वगळणारं कलम, अनेकदा मागच्या पानांत दडलेलं असतं, ते असेल तर जुन्या डेकची कूज गेलीच. सीजी २२ ९४ जोडलं असेल तर सबच्या चुकीमुळे तुमच्याच डेकचं झालेलं नुकसानही बाहेर पडतं. सही करण्याआधी एन्डॉर्समेंटची यादी मागून घ्या. जुन्या पॉलिसी फेकू नका. न्यू जर्सीत बांधकामावरच्या दाव्याची बाहेरची मर्यादा दहा वर्षांची आहे. नुसतं सर्टिफिकेट जपून भागत नाही, एन्डॉर्समेंटसकट अख्खी पॉलिसी स्कॅन करून ठेवा.